निरंक

खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते. मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या सिस्टरचा रात्री साडेअकराला फोन आला, की ताई तुम्ही हॉस्पिटलच्या कचऱ्याची तक्रार कशी केली होती, कागद कुठे दिले, भीती नाही वाटली का, आणि मी तासभर बोलले तरी निम्मं राहिलंच. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवते. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, गावाचंही नाही. साठ बेडचं खासगी हॉस्पिटल, पश्चिम महाराष्ट्रातलं, एवढं पुरे. सप्टेंबर २०१७ पासून मी तिथे स्टाफ नर्स, आणि शेवटची दोन वर्षं इन्फेक्शन कंट्रोल नर्स, म्हणजे आयसीएन, दवाखान्यात संसर्ग पसरू नये हे बघणारी. नाव मोठं, पगार साडेएकोणीस हजार, आणि स्टाफ कमी पडला की नाईटही करायची.

११ जानेवारी २०२३, बुधवार, अशीच एक नाईट संपत आलेली. पावणेसातला आमच्या सफाईच्या मावशी नर्सिंग स्टेशनपाशी येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. डाव्या हाताचं बोट उजव्या मुठीत धरलेलं. म्हणाल्या, "सिस्टर, सुई घुसली वो. काय न्हाई होत म्हना, लई येळा टोचलीया." मी बोट नळाखाली धरलं, साबणाने धुवायला लावलं, आणि विचारलं कुठे टोचली. तर मागच्या शेडमध्ये.

त्या शेडबद्दल आधी सांगायला हवं. दवाखान्यातल्या कचऱ्याचे रंग ठरलेले असतात. रक्ता-पुवाचे बोळे, ड्रेसिंग, कापलेला अवयव पिवळ्या पिशवीत. सलाईनचे सेट, कॅथेटर, सुई काढलेल्या सिरिंजा, ग्लोव्हज लाल पिशवीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. हे सगळं बारकोड लावून कचरा नेणाऱ्या अधिकृत गाडीवाल्याला द्यायचं, आणि अठ्ठेचाळीस तासांच्या वर ठेवायचं नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत, दर वर्षी मीच नवीन मुलींना शिकवायचे. पण लाल पिशवीतल्या प्लॅस्टिकला भंगारात भाव येतो. त्यामुळे आमच्याकडे लाल पिशव्या आधी शेडमध्ये जायच्या, तिथे मावशी लोक हाताने सलाईनच्या बाटल्या आणि सेट वेगळे काढायचे, तो माल वेगळ्याच टेम्पोने जायचा आणि उरलेलं अधिकृत गाडीत. त्यात वॉर्डातला नीडल कटर, म्हणजे सिरिंजची सुई तोडायचं यंत्र, ऑक्टोबरपासून बंद, म्हणजे सुईसकट सिरिंजा लाल पिशवीत. आणि मावशींच्या हातात ग्लोव्हज असलेच तर आमचे वापरून टाकलेले.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. मला माहीत होतं. कचऱ्याच्या रजिस्टरवर रोज माझी सही असायची. लाल : ४ किलो. रोज चार किलो. रविवारी चार, दिवाळीत चार, डेंग्यूची साथ असताना गाद्या जमिनीवर टाकल्या होत्या तेव्हाही चार. साठ बेडचं हॉस्पिटल आणि प्लॅस्टिक चार किलो. सुपरवायझर आकडा लिहून आणायचा आणि मी औषधांच्या ट्रॉलीवर टेकवून सही ठोकायचे.

असो. सुई कुणाची होती ते कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, दोन तासांत मिळाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. मॅनेजरना फोन केला तर ते म्हणाले ती काँट्रॅक्टरची बाई आहे, त्याला सांगा. काँट्रॅक्टरचा फोन बंद. मग माझ्या स्कूटीवर मागे बसवून सरळ सिव्हिलला नेलं. तिथे कॅज्युअल्टीत पहिला डोस दिला, रक्त घेतलं, पुढे एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, नाव नोंदवलं. अठ्ठावीस दिवस रोज गोळी, आणि दीड, तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. पैसे लागले नाहीत. (कुणालाही सुई टोचली तर हे लक्षात ठेवा, आधी धुवा, पिळू नका, आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा, परवानगीची वाट बघू नका.) हिपॅटायटिस बीची लस मावशींनी कधीच घेतली नव्हती. नियमाने सगळ्या कचरा हाताळणाऱ्यांना ती द्यायची असते. त्या गोळ्या त्यांनी घरी ज्वारीच्या डब्यात लपवून ठेवल्या, कारण सुनेने नाव वाचलं तर काय समजेल. मळमळ व्हायची, तरी एकही दिवस कामावर खाडा नाही.

१६ जानेवारीला मी मेट्रन मॅडमना आणि मेडिकल सुपरिंटेंडंटना ईमेल केला. तोंडी सुई टोचली त्याच दिवशी सांगितलं होतं, पण तोंडी सांगितलेलं हवेत जातं. ईमेलमध्ये राग काढला नाही. काय झालं, किती वाजता, कटर कधीपासून बंद, शेडमध्ये हाताने वर्गवारी चालते ती थांबवावी, लसीकरण करावं. मेट्रन मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, बरोबर आहे तुझं, पण लेखी कशाला दिलंस?" वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांचं निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. महिनाभर नुसतं बघू, करू. २० फेब्रुवारीला दुसरं पत्र टाइप करून नेलं तर ऑफिसमध्ये पोच द्यायलाच तयार नाहीत, म्हणून पोस्टात जाऊन रजिस्टर्ड एडीने, म्हणजे पोचपावती परत येते त्या पोस्टाने, त्याच इमारतीत पाठवलं जिथे मी रोज आठ तास असते. पोस्टातल्या बाईंनी दोन्ही पत्ते वाचून माझ्याकडे असं बघितलं ना!

६ मार्चला नवीन ड्यूटी लिस्ट लागली. माझं आयसीएनचं काम काढून जनरल वॉर्डला नाईट. कारण काही लिहिलेलं नाही.

इथे पहिल्यांदा खरी भीती वाटली. घरचं कर्ज, हप्ता, मुलगा सहावीत. आमचे हे म्हणाले सोड ना, तुझं काम तू केलंस. सासूबाई मात्र म्हणाल्या की त्या बाईच्या जागी मी असते तर तू काय केलं असतंस. (सासूबाईंनी माझी बाजू घ्यायची ही तिसरी वेळ, आधीच्या दोन सांगण्यासारख्या नाहीत.)

आता कायद्याचं. मराठी पेपरात व्हिसलब्लोअरला, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्याला, 'जागल्या' म्हणतात, मला तो शब्द आवडतो, गावात रात्री जागून राखण करणारा माणूस. फक्त गावच्या जागल्याला त्याबद्दल बलुतं मिळायचं. आपल्याकडे २०१४ साली व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायदा झाला, संसदेत पास झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण मी हे सगळं करत होते तेव्हा नऊ वर्षं उलटूनही तो लागू झालेला नव्हता. आणि झाला असता तरी तो सरकारी नोकरांच्या गैरकारभाराच्या तक्रारींसाठी, खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सला त्याचा काय उपयोग. हायवेच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांचा २००३ मध्ये खून झाला त्यानंतर या सगळ्याला सुरुवात झाली, हे तेव्हा वाचलं आणि फोन उलटा ठेवून झोपायचा प्रयत्न केला. माझी बॅचमेट इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहे, ती म्हणाली आमच्याकडे यासाठी वेगळा माणूसच असतो, 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन', त्याच्याकडे जाऊन बोलायचं. मग म्हणाली, तरी लोक घाबरतातच गं.

म्हणजे संरक्षण काही नाही, असं धरूनच चालायचं होतं. मग कागद गोळा करायचे. पण हॉस्पिटलचे नाही. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जोर देऊन लिहिते : रजिस्टर घरी आणू नका, पेशंटचा कुठलाही कागद, नाव, बेड नंबर, चेहरा फोटोत येऊ देऊ नका. उद्या तेच तुमच्यावर उलटतं, चोरी केली म्हणतात. माझ्याकडे माझी स्वतःची डायरी होती, माझे ईमेल होते, एडीची पावती होती आणि शेडचे चार फोटो, ज्यात फक्त पिशव्या.

बाकीचं माहिती अधिकाराने. अर्ज मी केला नाही, मामेभावाने केला. अर्जदाराला कारण विचारता येत नाही, त्यामुळे कुणीही करू शकतं. १३ मार्चला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आणि ही युक्ती त्याचीच : एकट्या आमच्या हॉस्पिटलचं मागितलं नाही, शहरातल्या पाच हॉस्पिटलांचे कचऱ्याचे वार्षिक अहवाल मागितले, म्हणजे कुणाला वास येत नाही. तसेही हे अहवाल हॉस्पिटलने स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचे असतात, आमच्या वेबसाइटवर फक्त डॉक्टरांचे फोटो होते. १० एप्रिलला पत्र आलं, चौऱ्याहत्तर पानं, दोन रुपये पान, एकशे अठ्ठेचाळीस भरा. भरले आणि त्याच आठवड्यात कागद हातात.

रविवारी दुपारी किचनच्या ओट्यावर उभं राहून वाचले. २०२१ चा अहवाल, नमुना चार. अपघातांची संख्या : निल. सरकारी मराठीत निरंक. त्या वर्षी सुई टोचल्याच्या दोन नोंदी माझ्या डायरीत होत्या, त्यातली एक मला स्वतःला टोचलेली. लसीकरण : सर्व कर्मचारी. आणि मागे समितीच्या बैठकांचे इतिवृत्त. तीस किंवा जास्त बेड असले की कचरा व्यवस्थापनाची समिती लागते, सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक लागते. दोन बैठका दाखवल्या होत्या. उपस्थितांत चौथं नाव माझं. समोर सही. सही माझ्यासारखी होती पण माझी नव्हती, मी आडनावाचा शेवटचा काना असा खाली ओढत नाही. अशी कुठलीही बैठक झाली नव्हती.

दूध उतू गेलं त्या नादात.

खोटी सही बघून आधी चीड आली, आणि मग रजिस्टरवरच्या माझ्या खऱ्या सह्या आठवल्या. सातशेच्या आसपास असतील. त्या कुणी खोट्या केलेल्या नव्हत्या. तक्रार करायची तर ते पण लिहावं लागणार होतं, नाहीतर हॉस्पिटल पहिल्या दिवशी तेच दाखवणार, की ह्याच बाई तर सही करत होत्या. दोन रात्री त्यात गेल्या. वकिलांकडे गेले, पंधराशे रुपये, पाऊण तास. ते म्हणाले लिहाच, तुम्हीच आधी लिहा. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. निनावी तक्रार करू नका, ती बाजूला पडते, नाव द्या पण वर स्पष्ट लिहा की ही माहिती विश्वासात देत आहे, तक्रारदाराची ओळख माहिती अधिकारातही कलम ८(१)(छ) नुसार उघड करू नये. दुसरं म्हणजे पुढे काहीच झालं नाही तर पर्यावरण संरक्षण कायद्यात साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणूसही कोर्टात जाऊ शकतो, त्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

४ मे ला प्रदूषण नियंत्रण मंडळात तक्रार दिली. तीन पानं, विशेषणं एकही नाही. तारखा, वजनं, शेडची जागा, टेम्पो कोणत्या वारी येतो ते, २०२१ च्या अहवालातलं काय चूक आहे ते, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात : 'सदर रजिस्टरवर मी प्रत्यक्ष वजन न पाहता सह्या केल्या आहेत.' टाइप करणाऱ्या मुलाने विचारलं हे नक्की ठेवायचं का. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. (पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.) तिथल्या साहेबांनी पूर्ण वाचलं, एवढंच विचारलं की टेम्पो सकाळी येतो की दुपारी.

मग वाट बघणं. या काळाबद्दल कुणी सांगत नाही. रोज ड्यूटीला जायचं, त्याच लोकांबरोबर चहा प्यायचा, वाढदिवसाचा केक खायचा, आणि पोटात सतत गोळा. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मावशींनाही नाही, कारण त्यांना विचारलं तर त्यांना खोटं बोलता येत नाही. वजन चार किलो कमी झालं, हो, चारच. मे गेला. जून अर्धा गेला.

२१ जून, बुधवार, सकाळी सव्वादहा. माझी नाईट सुटली होती पण रिलीव्हर उशिरा आली म्हणून मी अजून वॉर्डातच होते. मंडळाचे दोन अधिकारी, न कळवता आलेले. एकाच्या हातात वजनाचा काटा, भाजीवाल्याकडे असतो तसा हुकवाला. आधी रजिस्टर मागितलं. मग आमच्या एका वॉर्डची लाल पिशवी उचलून हुकला अडकवली. साडेसहा किलो. एका वॉर्डची. त्यांनी रजिस्टरवरचा कालचा पूर्ण हॉस्पिटलचा आकडा बघितला, पुन्हा काटा बघितला, काही बोलले नाहीत, फोटो काढला. पिशवी उघडायला लावली, वरच सुईसकट तीन सिरिंजा. मग शेड. मी शेडपर्यंत गेले नाही, पाय उचलेनात. नंतर कळलं की तिथे गोण्या भरून बाटल्या सापडल्या. मावशींना विचारलं, हे तुम्ही काढता का, तर त्या म्हणाल्या, "व्हय सायेब, मग कोन काढनार?"

आठवडाभरात हॉस्पिटलला नोटीस आली म्हणून कुजबुज झाली. शेड रिकामी, नवीन कटर प्रत्येक वॉर्डला, पांढरे डबे, मावशींना जाड ग्लोव्हज आणि गमबूट. सगळं दहा दिवसांत. जे मी सहा महिने मागत होते ते दहा दिवसांत.

आणि मग माझी पाळी. माझं नाव कुणी फोडलं असं मला वाटत नाही, फोडायची गरजच नव्हती, ईमेल कुणी केले होते ते सगळ्यांना माहीत होतं. ८ जुलैला मेमो, 'वारंवार उशिरा येणे व संस्थेची गोपनीयता भंग करणे'. मेमो आला की रडायचं घरी, उत्तर लेखी द्यायचं. मी पंच मशीनच्या वेळा जोडून उत्तर दिलं आणि विचारलं की कुठली गोपनीय माहिती, कधी, ते कळवावं. त्याचं उत्तर आजतागायत नाही. मग सलग नाईट, सुट्ट्या नामंजूर. ते मी सहन केलं असतं. पण मी चेंजिंग रूममध्ये शिरले की गप्पा थांबायच्या, ते नाही सहन झालं. एक ज्युनिअर मुलगी तोंडावर म्हणाली, "सिस्टर, हॉस्पिटल बंद झालं तर आम्ही कुठे जायचं?" तिच्यावर मला राग धरता आला नाही. तिच्या एकटीच्या पगारावर घर होतं.

त्याच महिन्यात मावशींची सहा महिन्यांची तपासणी झाली. सगळं निगेटिव्ह. हिपॅटायटिसचा तिसरा डोसही झाला, पहिला मी माझ्या पैशाने दिला होता, तिसरा हॉस्पिटलने. त्या दिवशी आम्ही दोघींनी सिव्हिलबाहेर वडापाव खाल्ला, पैसे त्यांनी दिले, मला देऊ दिले नाहीत.

३१ ऑगस्टला राजीनामा, महिन्याची नोटीस, ३० सप्टेंबरला सुटले. इथे काही पैशाच्या टिपा. राजीनामा ईमेलने आणि पोस्टाने पोचपावतीसह, दोन्हीकडून द्या. पाच वर्षं पूर्ण असतील तर ग्रॅच्युइटी तुमचा हक्क आहे. २०२३ मधला हिशोब असा होता : शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) भागिले सव्वीस गुणिले पंधरा गुणिले वर्षं. माझं बेसिक तेरा हजार, म्हणजे वर्षाला साडेसात हजार, सहा वर्षांचे पंचेचाळीस. नमुना आय भरून दिला, तीस दिवसांत द्यायचे असतात, आधी 'अकाउंट्सला आहे' आणि मग वकिलांचं एक पत्र गेल्यावर डिसेंबरमध्ये मिळाले. पीएफला त्यांनी नोकरी सोडल्याची तारीख टाकलीच नव्हती, पण शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती आपली आपल्याला ऑनलाइन टाकता येते, कुणाच्या पाया पडायची गरज नाही. अनुभवाचा दाखला मात्र सगळ्यात उशिरा, २२ डिसेंबरला, आणि त्यात दोन ओळी. सहा वर्षांच्या दोन ओळी. 'आयसीएन' शब्द नाही.

तीन महिने पगार नव्हता. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू छान झाला आणि नंतर फोन आलाच नाही, आधीच्या ठिकाणी विचारलं असणार. जानेवारी २०२४ मध्ये एका डायलिसिस सेंटरला लागले, सतरा हजारावर. तिथल्या डॉक्टरांनी आधीची नोकरी का सोडली विचारलं. मी खोटं सांगायचं ठरवून गेले होते आणि खरं सांगून बसले. ते म्हणाले आमचा पांढरा डबा बघून घ्या, बरोबर आहे का. डब्याचं झाकण उघडं होतं, ते सांगितलं.

माहिती अधिकार, स्टॅम्प, झेरॉक्स, पोस्ट, वकील असा हातचा खर्च पाच हजारांच्या आत. पगार बुडाला तो वेगळा. हप्त्यांसाठी माझ्या दोन बांगड्या गेल्या, त्यातली एक अजून सोडवायची आहे.

परत जमेल का असं ती फोनवरची सिस्टर विचारत होती. मला खरंच सांगता नाही आलं. एवढं सांगितलं की पहिल्या दिवसापासून डायरी लिही आणि न बघता कशावरही सही करू नको, आणि केली असशील तर तेही लिही.

दर वर्षाचा अहवाल पुढच्या वर्षी ३० जूनपर्यंत द्यायचा असतो. म्हणून मामेभावाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा दहा रुपयांचा स्टॅम्प लावला, यावेळी चारच हॉस्पिटलं. ऑगस्टमध्ये कागद आले. आमच्या, म्हणजे माझ्या जुन्या हॉस्पिटलचा २०२३ चा अहवाल. लाल कचऱ्याचं वजन आधीच्या कितीतरी पट. बैठका दोन, माझ्या जागी नवीन मुलीचं नाव, सही तिचीच असावी अशी आशा आहे. आणि अपघातांचा रकाना. तिथे निल नव्हतं. एक लिहिलेलं होतं. बाधित व्यक्ती एक, केलेली उपाययोजना : प्रतिबंधक उपचार व लसीकरण.

मी मावशींना फोन लावला. वाचून दाखवलं. पलीकडे जरा वेळ नुसता मिक्सरचा आवाज. मग म्हणाल्या, "एक म्हंजी मीच का?"

"तुम्हीच."

"नाव लिवलंय?"

"नाव नसतं लिहीत मावशी, नुसता आकडा."

"बरं हाय," म्हणाल्या, "सुनंनं वाचलं असतं."